फ. सा. ना.

"महिन्याचा घरखर्च साधारण किती?" असं गुंतवणूक सल्लागाराने विचारलं आणि आम्ही दोघं एकदमच बोललो. मी म्हणालो, पस्तीस हजार. ही म्हणाली, साठ. सल्लागार वयाने लहान होता, पण त्याने अशी बरीच जोडपी पाहिली असावीत. कोणाकडेही न बघता त्याने फॉर्मवरची ती चौकट मोकळी सोडली आणि म्हणाला, "काका, घाई नाही. घरी जाऊन ठरवा."

जणू काही घरखर्च ही मुंजीच्या तारखेसारखी दोघांनी बसून ठरवायची गोष्ट आहे.

दोन वर्षांनी मी निवृत्त होणार. पुढे किती लागतील हे काढायचं तर आज किती लागतात ते आधी माहीत पाहिजे. ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं, फक्त वेगवेगळं माहीत होतं. बत्तीस वर्षं एका डब्यातलं पीठ खाऊन पंचवीस हजारांचा फरक! म्हणजे एक तर माझा निम्मा संसार कोणी तरी परस्पर चालवत होतं, किंवा ही कुठे तरी दुसरा संसार चालवत होती. परत येताना रिक्षात आम्ही बोललो नाही. ८६ रुपये झाले. ते मी मोबाइलवरून देत असताना ही म्हणाली, "हे तुमच्या पस्तिसात बसतात का हो?"

त्याच रात्री मी ठरवलं की आता हिशेब ठेवायचा. आणि ठेवायचाच तर वहीत नाही, संगणकावर.

कोणी दुसरा असता तर त्याने त्याच रात्री ८६ रुपये लिहून टाकले असते. मी हिशेब लिहिण्याऐवजी तो कशात लिहावा याचा अभ्यास सुरू केला. तो तीन आठवडे चालला. अकरा प्रोग्राम उभे, चौदा निकष आडवे, असा एक्सेलमध्ये तक्ता केला. किंमत, मोबाइलवर चालतो का, रुपयाचं चिन्ह दाखवतो का, आपली माहिती कुठे ठेवतो, मालक कोण. बंगळुरूहून लेकीने तो तक्ता पाहिला. म्हणाली, "बाबा, एक्सेल एवढं छान येतं तुम्हाला. मग ह्यातच लिहा की हिशेब." मी विषय बदलला. मुलींना शिकवलं की हे असं होतं.

पण तक्ता वाया गेला नाही. स्थळ बघताना आपण आधी घराणं बघतो, मग आयुष्ययोग. ह्या प्रोग्रामांची घराणी बघायला लागलो आणि माझा जीव थोडा थोडा झाला. मूळपुरुष क्विकन. अमेरिकेत स्कॉट कुक नावाच्या गृहस्थांची बायको घरची बिलं भरताना वैतागायची, त्यावरून त्यांना हे सुचलं आणि टॉम प्रू या विद्यार्थ्याला हाताशी धरून १९८३ मध्ये त्यांनी इंट्यूट कंपनी काढली, असं सांगतात. (आमच्याकडे बायको वैतागली तर फार तर नवा कुकर येतो.) क्विकन अजून हयात आहे, पण तो अमेरिका-कॅनडाच्या बँका डोळ्यापुढे ठेवून बनवलेला. आपली पतपेढी त्याच्या गावीही नसणार. त्याचा प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्ट मनी. जन्म १९९१. मायक्रोसॉफ्टने मध्यंतरी इंट्यूटच विकत घ्यायला काढली होती, पण तिथलं न्याय खातं १९९५ मध्ये कोर्टात गेलं आणि ती सोयरीक मोडली. पुढे २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने मनीचा गाशा गुंडाळला. जुन्या लोकांची अडचण नको म्हणून एक शेवटची आवृत्ती फुकट दिली, तिचं नाव 'सनसेट'. निवृत्तीचा हिशेब करायला बसलेल्या माणसाने 'सूर्यास्त' नावाचा प्रोग्राम उघडावा, ही कल्पना मला काही बरी वाटली नाही. तिसरं स्थळ मिंट. २००७ चा जन्म, दोनच वर्षांनी इंट्यूटने १७ कोटी डॉलर मोजून घेतला, लाखो लोक त्यावर विसंबले आणि २०२४ मध्ये तो बंद झाला.

म्हणजे अठरा वर्षांचा मनी गेला, सतरा वर्षांचा मिंट गेला. मला अजून पंचवीस वर्षांचा हिशेब ठेवायचा आहे, निदान अशी माझी अपेक्षा आहे. आमच्या फडताळात वडिलांच्या १९६८ पासूनच्या जमाखर्चाच्या डायऱ्या आहेत. त्यांना फक्त कसर लागली आहे. इतक्या डायऱ्यांमधली एकही अजून सूर्यास्ताला गेलेली नाही.

मग एक असा सापडला की तो बघून मी खुर्चीतून उठलोच. नावच 'यू नीड अ बजेट'. जेसी मेकम नावाच्या मुलाचं नुकतंच लग्न झालेलं, शिक्षण चालू, हातात पैसा बेताचा. म्हणून त्याने बायकोसह घरखर्चासाठी एक एक्सेलचं पान बनवलं आणि २००४ मध्ये ते विकायला काढलं. तत्त्व असं की हातात आलेल्या प्रत्येक डॉलरला आधी काम नेमून द्यायचं. हा भाड्याचा, हा दुधाचा, हा गाडीच्या टायरचा. एका कामातले कमी पडले तर दुसऱ्यातून काढायचे, पण काढले हे लिहून.

हे मी लहानपणी रोज पाहिलं आहे. आईच्या कपाटात साड्यांखाली लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं असत, कोपऱ्याला हळदकुंकू लागलेली. एक तारखेला अण्णा पगार तिच्या हातात देत आणि ती पलंगावर बसून पत्त्यांचा डाव वाटावा तसे पैसे वाटत असे. छापील 'चि. सौ. कां.'च्या खाली पेन्सिलीने 'रेशन'. 'आपले नम्र'च्या वर 'दूध'. एक पाकीट 'शाळा', एक 'औषध', आणि एक 'जाणं-येणं', त्यात एसटीच्या तिकिटापासून सत्यनारायणाच्या दक्षिणेपर्यंत सगळं. वीस तारखेनंतर पाकिटांची आपापसात उसनवारी सुरू व्हायची. पैसे काढले की त्या जागी चिठ्ठी: 'दुधातून ४० रेशनला दिले.' महिनाअखेरीला पाकिटं चांगली फुगलेली असत, पण चिठ्ठ्यांनी. आम्हा भावंडांत भांडण झालं की आई म्हणे, "गप्प बसा, दूध अजून रेशनचं देणं लागतं." ह्या वाक्याचा अर्थ आमच्या घराबाहेर कोणालाही लागला नसता.

त्या प्रोग्रामची वर्षाची वर्गणी १०९ डॉलर. आजच्या भावाने नऊ हजारांच्या वर. आईच्या पाकिटांना लग्नं लागत, डॉलर लागत नसत.

पुढचा टप्पा मोबाइलचा. बँकेचे संदेश वाचून आपला आपण हिशेब लिहिणारी ॲपं निघाली आहेत. बोटसुद्धा हलवायला नको. त्यातलं एक मी महिनाभर ठेवलं. त्याची जात चांगली होती, दोष असेल तर आमच्या व्यवहारांचा. बँकेतून पतपेढीत टाकलेले पंधरा हजार त्याने 'खरेदी' म्हणून धरले आणि आपण चैनी माणूस असल्याची सूचना मला सकाळी साडेसहाला दिली. एटीएममधून काढलेले दोन हजार त्याला दिसत, पुढे त्यांचं काय झालं ते दिसत नसे. म्हणजे त्याची आणि माझी स्थिती सारखीच. पण खरा प्रसंग महिनाअखेरीला आला. ॲपने रंगीत चक्र काढून दाखवलं की मी सर्वात जास्त वेळा पैसे कोणाला देतो. कोणी अनोळखी गृहस्थ. महिन्यात चौदा वेळा. कधी ६०, कधी ११०, एकदा २४०. ही चष्मा पुसून म्हणाली, "अहो, हे कोण?" मला सांगता येईना. दिवसाआड ज्याला पैसे देतो तो माणूस आपल्याला माहीत नाही, हे सांगताना चेहरा कसा ठेवावा हे त्या ॲपमध्ये कुठे दिलेलं नव्हतं. दोन दिवस घरात ताण होता. तिसऱ्या दिवशी मेथीची जुडी घेताना मोबाइलवर तेच नाव उमटलं. भाजीवाल्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, "जावयाचं हाये. माझ्या नावचा फोन न्हाई ना."

२०१६ साली यूपीआय आलं, तेव्हापासून गावोगावचे जावई असे परक्यांच्या हिशेबात शिरले असतील. बायकोची खात्री पटवायला मी तिला मंडईत घेऊन गेलो. येताना तिने दोन जुड्या घेतल्या आणि जावयाला चाळीस रुपये दिले.

लेक दिवाळीच्या आधी आली ती एक जपानी वही घेऊन. काकेइबो. हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये जपानी गृहिणींसाठी ही पद्धत लिहिली. हाताने लिहायचं, सावकाश, म्हणजे लिहिताना विचार होतो. खर्चाचे रकाने चारच: गरज, हौस, संस्कृती आणि अवचित. रकाने मला फार आवडले. संस्कृतीला स्वतंत्र रकाना देणारं अंदाजपत्रक मी पहिल्यांदाच पाहत होतो. दिवाळी अंक घेतले, ते संस्कृतीत. नाटकाची दोन तिकिटं, संस्कृतीत. मग मध्यंतरातला बटाटेवडा कशात? मी म्हटलं, हौस. ही म्हणाली, "रस्त्यावर खाल्ला तर हौस. नाट्यगृहात मध्यंतरात खाल्ला तर संस्कृती." लेक म्हणाली, चौऱ्याहत्तर रुपयांचे दोन वडे ही अवचित घटना आहे. पाडगावकरांपासून पंतप्रधानांपर्यंत कोणत्याही विषयावर आमच्या घरात जितके वाद झाले नसतील तितके त्या चार रकान्यांवरून झाले. ती वही सध्या हिच्या भिशीच्या हिशेबाला आहे आणि तिथे उत्तम चालते.

शेवटी माळ घातली ती ग्नूकॅशच्या गळ्यात. पहिली आवृत्ती १९९८ ची. फुकट. कोणा एकाच्या मालकीचा नाही, त्यामुळे कोणी एक जण उठून तो विकू शकत नाही आणि बंदही करू शकत नाही. दिसायला अगदीच साधा, सरकारी कचेरीतल्या टेबलासारखा. पण तो द्विनोंदी पद्धतीने चालतो, आणि तिथे माझ्यातला कॉमर्सचा विद्यार्थी जागा झाला. ही पद्धत इटलीतले व्यापारी आधीपासून वापरत होते, ती छापून जगापुढे मांडली लुका पाचोली यांनी, व्हेनिसमध्ये, १४९४ साली. पाचोली हे संन्यासी. ज्याला ना घर ना संसार, त्याने जमाखर्चाचं शास्त्र लिहावं यात मला तरी विसंगती वाटत नाही. आपल्याकडेही संसारी माणसाला हिशेब समजावून सांगायला संतच पुढे आले आहेत.

पाडव्याला नवी वही सुरू करायची म्हणून आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनात लॅपटॉप ठेवला. हिने झाकणावर गंधाने 'श्री' काढलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. त्यातल्या दोन अक्षता फटीतून आत गेल्या. तेव्हापासून आठाचं बटण जरा जोरात दाबावं लागतं.

ग्नूकॅशचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. भाजीला साठ रुपये गेले, एवढं त्याला पुरत नाही. भाजीच्या नावे साठ आणि रोख खात्याला जमा साठ, अशी दोन्ही अंगं सांगितली पाहिजेत. 'गेले' हा शब्दच त्याला मान्य नाही. कुठून आले आणि कुठे गेले, बोला. त्याच्याकडे खात्यांचे पाच प्रकार: मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि भांडवल. मी उत्साहाने खर्चाखाली चौसष्ट खाती उघडली. इस्त्री वेगळी, लाँड्री वेगळी. फुलपुडी, उदबत्ती, कापूर यांचं एक आणि प्रसादाचं एक. पहिल्या पंधरा दिवसांत लक्षात आलं की चौसष्टांपैकी त्रेसष्ट खाती उपाशी आणि 'किरकोळ' नावाचं एकच खातं गणपतीसारखं पोट सुटून बसलं आहे.

आणि मग आहेर आला. दिवाळी संपली, तुळशीचं लग्न लागलं, की माणसांची सुरू होतात. हिच्या मामेबहिणीच्या मुलाच्या लग्नाला २,००१ रुपयांचं पाकीट दिलं. रात्री ते मी 'खर्च: आहेर' मध्ये लिहायला लागलो, तर ही म्हणाली, "थांबा. ते खर्चात नाही." आणि तिने कपाटातून आमच्या लग्नाची आहेराची वही काढली. तांबडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. पहिल्या पानावर श्री, खाली तिच्या काकांच्या अक्षरात नावं. कोणाचे ५१, कोणाचे १०१. एक भिंतीवरचं घड्याळ, ते अमुक वर्षी अमक्याकडे दिलं, अशी समासात हिची खूण. मामेबहिणीच्या आईवडिलांचे १०१ होते, आणि एक स्टीलचा तांब्या.

बघा आता. १९९३ साली घेतलेले १०१ रुपये आपण एवढ्या वर्षांनी २,००१ करून परत केले. म्हणजे हा खर्च नव्हे, ही कर्जफेड. तर मग इतकी वर्षं हे आपल्या देण्यांत दिसायला हवं होतं. आणि ज्यांना आपण दिले आणि ज्यांच्याकडून अजून आपल्याकडे यायचे आहेत, ते आपलं येणं, म्हणजे मालमत्ता! लेकीचं लग्न व्हायचं आहे. तर मग मालमत्तेच्या बाजूला हळूच केवढा तरी डोंगर उभा आहे. पण ह्या कर्जाला मुदत नाही, व्याजाचा दर नातं बघून ठरतो, आणि पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलं तर ते सगळं माफ होतं की तसंच राहतं याचा निकाल पाचोलींनी दिलेला नाही. मी रात्री पाऊण वाजेपर्यंत 'देणी: आहेर' आणि 'येणी: आहेर' अशी खाती मांडत बसलो. ही अंथरुणातून म्हणाली, "आणि तांब्याचं काय करणार?"

"त्याची आजची किंमत धरू."

"तांब्या आला होता, तांब्याच जाईल. मी आणून ठेवलाय. त्याला रुपयांत कशाला बुडवताय? दिवा मालवा."

तो तांब्या कोणत्या खात्यातून आणला होता हे विचारायची ती वेळ नव्हती.

मूळ गोष्ट पुढेच आहे. महिना भरल्यावर मी रोख मोजायला बसलो. पाकीट, ड्रॉवर आणि देवघरातली सुट्ट्यांची वाटी. ग्नूकॅशच्या मते माझ्याकडे २,११५ रुपये असायला हवे होते. होते २,४८५. तीनदा मोजले. तीनशे सत्तर रुपये जास्त.

कमी भरले असते तर काहीच अडचण नव्हती. 'किरकोळ'मध्ये टाकून मोकळा झालो असतो, त्यासाठीच ते खातं असतं. पण जास्तीचे पैसे कुठे टाकणार? 'उत्पन्न: किरकोळ' असं खातं उघडायला मन होईना, ते लाच खाल्ल्यासारखं दिसतं. रोखीत ३७० वाढवले आणि दुसरी बाजू कोरी सोडली. तर त्या प्रोग्रामने माझ्या परवानगीशिवाय एक नवं खातं उघडलं आणि रक्कम तिथे नेऊन ठेवली. खात्याचं नाव 'इम्बॅलन्स-आयएनआर'. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की तो फरक तिथे काढून ठेवायचा, ही त्याची रीतच आहे. जुने दिवाणजी अशा रकमेला उचंत खात्यात टाकत. पण 'इम्बॅलन्स' हा शब्द पडद्यावर रोज दिसणं बरं नाही. रक्तदाबाच्या गोळीची आठवण होते.

तेव्हा मला अण्णांची १९८४ ची डायरी आठवली. एका खत कंपनीने फुकट दिलेली, पानापानावर युरियाची जाहिरात. अण्णा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. रात्री जेवणं झाली की ते पाटावर बसून दिवसाचा खर्च लिहीत आणि शिल्लक मोजून जुळवत. एका रात्री साडेतीन रुपये जास्त भरले. वीज गेलेली. कंदिलाच्या उजेडात दोनदा बेरजा झाल्या, मग अण्णांनी शर्ट चढवला, बॅटरी घेतली आणि मला बरोबर घेऊन वाण्याकडे गेले. वाणी दुकान बंद करून जेवायला बसला होता. उठून आला, गल्ला जुळल्याचं सांगितलं, आणि "साहेब, साडेतीन रुपयांसाठी कशाला अंधारात आलात" असं म्हणाला. अण्णा म्हणाले, "कमी भरले असते तर नसतो आलो. जास्त भरले म्हणजे कोणाचे तरी आहेत." घरी येऊन त्यांनी त्या दिवसाच्या खाली ओळ लिहिली: 'फ. सा. ना. जमा ३.५०'.

ही अक्षरं त्यांच्या डायऱ्यांत अधूनमधून भेटतात. लहानपणी मला वाटायचं, फ. सा. ना. हे कोणी नाडकर्णी किंवा नाईक असावेत आणि अण्णा त्यांचे पैसे लागत असावेत. कधी तरी घरी येतील म्हणून मी वाटही पाहिली आहे. फरक सापडत नाही, असा त्याचा अर्थ मला अकरावीत पुस्तपालन घेतल्यावर कळला. १९८४ च्या डिसेंबरअखेर ते साडेतीन रुपये तसेच आहेत. परवा १९८५ ची डायरी काढून पाहिली. पहिलं पान, वर श्री, आरंभीची शिल्लक, आणि तिच्या खाली पुन्हा: 'फ. सा. ना. ३.५०'. ते पुढच्या वर्षात ओढले होते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या रोजकिर्दींचे रुमालच्या रुमाल आहेत. त्यांत किती फ. सा. ना. बांधलेले असतील, कोणास ठाऊक.

मीही चौकशी सुरू केली. इस्त्रीवाल्याला विचारलं, "तुझे काही राहिलेत का रे माझ्याकडे?" तो म्हणाला, "हो साहेब, मागच्या महिन्याचे चाळीस." दिले, पण ते तर लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे फरकाला धक्का लागला नाही. पेपरवाला म्हणाला, दिवाळी अंकाचे शंभर राहिलेत. दिले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सोसायटीच्या कोजागिरीच्या दुधाची वर्गणी तुम्हीच दिलेली नाही, दीडशे. दिले. तीनशे सत्तर रुपयांच्या शोधात माझे दोनशे नव्वद गेले आणि इम्बॅलन्स होता तिथेच राहिला. चौथ्या माणसाला विचारायचं धाडस मी केलं नाही.

मग वर्षभर लिहिलं. नेटाने लिहिलं, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. या पाडव्याला वर्ष भरलं, आणि ग्नूकॅशने एका बटणासरशी बेरीज काढून दिली: ७,००,८००. भागिले बारा, ५८,४००. माझे पस्तीस खोटे नव्हते. वाणसामान, दूध, भाजी, वीज, गॅस, सोसायटी, मोबाइल, हे सगळं पस्तिसातच बसत होतं. पण आरोग्यविम्याचा हप्ता वर्षातून एकदा येतो म्हणून मी तो कधी महिन्यात धरलाच नव्हता. मालमत्ता कर तसाच. गाडीचा विमा तसाच. गावच्या घराची कौलं, दिवाळी, हिची दाढ, लेकीकडे जाण्या-येण्याची तिकिटं, नऊ लग्नं आणि दोन मुंजी. एकेक गोष्ट वर्षातून एकदाच येते, पण अशा एकेकट्या पाहुण्यांनी माझी वर्षभर पंगत उठवली होती. अडीच लाखांच्या वर खर्च मी आयुष्यभर 'अपवाद' म्हणून सोडून देत आलो होतो. निवृत्तीचं गणित पस्तिसावर मांडलं असतं तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही, घरातले वाचतील.

मी गंभीरपणे आकडा जाहीर केला. "अठ्ठावन्न हजार चारशे."

ही मटार सोलत होती. "मी साठ म्हटलं होतं."

"पण तू कसं काढलंस?"

"त्यात काय काढायचंय? मागच्या वर्षी त्या दिवशी पासबुकात किती होते ते पाहिलं, या वर्षी किती ते पाहिलं. मध्ये पगार किती आला ते माहीत आहे. एफडीत टाकले ते बाजूला केले. वजाबाकी केली. बाराने भागलं."

तीन आठवडे, अकरा प्रोग्राम, चौदा निकष, चौसष्ट खाती. मी म्हटलं, "मग त्या वेळी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तक्ता करत होतात."

सल्लागाराच्या फॉर्मवर आता साठ हजार लिहिलं आहे. ग्नूकॅश मी बंद केलेला नाही. सवय झाली आहे, आणि रात्री आठाचं बटण जोरात दाबल्याशिवाय झोप येत नाही. चौसष्टांपैकी एकोणीस खाती राहिली आहेत, आणि आहेर त्यांत नाही, तो हिच्या वहीत आहे. इम्बॅलन्सचे ३७० मात्र नव्या वर्षात ओढले आहेत. त्या खात्याचं नाव मी बदललं आणि रक्कम रोखीतून वेगळी काढून एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवली आहे, कपाटात, साड्यांखाली. वर पेन्सिलीने लिहिलं आहे: फ. सा. ना.

तेव्हा गेल्या दिवाळीनंतरच्या महिनाभरात ज्यांचे माझ्याकडून तीनशे सत्तर रुपये यायचे राहिले असतील त्यांनी कृपया येऊन घेऊन जावेत. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो. तीन शंभराच्या नोटा, एक पन्नासाची आणि एक विसाची आहे. सुटे आणायची गरज नाही.